करंटकाका

कोणतंही दुखणं पोटातूनच सुरू होतं असं मानणारे वैद्य असतात. आमच्या सोसायटीतल्या करंटकाकांचं इंजिनांबाबत असंच एक ठाम मत आहे. गाडी कुणाचीही असो, बंद पडली की दोष करंटचा. म्हणजे घरातल्या बटणाचा नव्हे. कॉइलमधून निघून जाड काळ्या वायरीतून प्लगच्या टोकापर्यंत जाणाऱ्या करंटचा. या वीतभर प्रवासात कुठेतरी घात होतो, अशी काकांची श्रद्धा आहे. ‘पेट्रोल संपलं असेल’ असं कुणी सुचवलं तर काका त्याच्याकडे नुसते बघतात. पेट्रोल संपणं हा त्यांच्या लेखी बिघाडच नव्हे, गलथानपणा.

खाली पार्किंगमध्ये कुणी लागोपाठ तीन किका मारल्या की चौथीला काका हजर. अंगात बनियन, हातात प्लगपाना. “थांबा! ओव्हरफ्लो कराल उगाच. काढा टोपी.” नवीन भाडेकरू डोक्याला हात लावतो. काकांना प्लगची टोपी हवी असते.

काकांचं सगळं शिक्षण चेतकवर झालं. आकुर्डीत १९७२ पासून निघायला लागलेली ही स्कूटर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर मिळायची, आणि अशी मिळालेली वस्तू लोक नुसती चालवत नसत, तिचा अभ्यास करत. काकांच्या डिकीत अजून ती अभ्याससामग्री आहे: पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, ‘चालू आहेत’ म्हणून जपलेले दोन प्लग आणि हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. प्लगच्या दोन टोकांतली फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास हवी आणि ब्लेडची जाडीही साधारण तेवढीच, तेव्हा फीलर गेज विकत घेणं ही काकांच्या मते पैसेवाल्यांची हौस.

बाहेर काढलेला प्लग आधी जमलेल्यांच्या हातांतून फिरतो. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओला असेल तर ओव्हरफ्लो. पांढराफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय. तपकिरी असेल तर उत्तम. पण तपकिरी प्लग निघाला की काकांचा चेहरा पडतो. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचा मात्र कायम काळा. टू-स्ट्रोकला लिटरमागे वीस मिली ऑइल पुरतं. काका ते अंदाजाने ओततात, आणि हिशोबाला एरवी एवढा पक्का असलेला हा माणूस इथेच उदार होतो. जास्तीचं ऑइल अर्धवट जळतं, कार्बन होऊन प्लगवर बसतं, ठिणगी फट ओलांडण्याऐवजी त्या काजळीतूनच पळ काढते. हे त्यांना एकदा सांगून पाहिलं. “इंजिनला वंगण नको का?” म्हणाले, आणि पॉलिश पेपरचा नवा तुकडा फाडला.

मग मुख्य प्रयोग. प्लग पुन्हा टोपीत खोचायचा, त्याचे आटे इंजिनच्या उघड्या धातूला टेकवायचे आणि किक मारायची. किक काका मारतात. प्लग धरायला कुणीतरी दुसरा लागतो. “काही होत नाही, नीट टेकवून धर.” सहा किंवा बारा व्होल्टच्या गाडीत कसला आलाय शॉक, असं त्या बिचाऱ्याला वाटतं. पण कॉइलमध्ये जाड तारेचे काहीशे वेढे असतात आणि बारीक तारेचे हजारो. जाड तारेतला प्रवाह पॉइंटने एकदम तोडला की बारीक तारेच्या टोकाला वीस-पंचवीस हजार व्होल्ट उसळतात. धातूवरून प्लग जरा निसटला की ते धरणाऱ्याच्या कोपरापर्यंत येऊन जातात. तो ओरडला की काका समाधानाने मान हलवतात: “म्हणजे कॉइल चांगली आहे.”

काकांची खरी हुशारी पुढे आहे. ठिणगी पडली नाही तर “बघ, म्हटलं नव्हतं? करंट नाही!” आणि निळी, कडकडीत पडली तर “ही बाहेर पडली रे. आत कॉम्प्रेशनमध्ये मार खाते.” वाईट म्हणजे हे खरं आहे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून उडी मारायला उघड्या हवेपेक्षा बरेच जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे बाहेर मिरवणारी ठिणगी आत दगा देऊ शकते. या एका सत्याच्या आधारावर काका गेली कित्येक वर्षं एकही वाद हरलेले नाहीत.

शिवाय वायर आहेच. टोपी आट्यांवर फिरवून काढायची, वायरीचं हिरवं पडलेलं टोक अर्धा सेंटीमीटर छाटायचं, आतलं लखलखीत तांबं सगळ्यांना दाखवायचं आणि टोपी परत बसवायची. हा विधी दर पावसाळ्यात. वायर दरवर्षी आखडत गेली आणि शेवटी प्लगपर्यंत पोचेना. तेव्हा काका म्हणाले, “हल्ली वायरीच तोकड्या देतात.”

एकदा त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या कारची वायर सोलली. आत तांबं नाही, नुसता काळा दोरा! ही फसवणूक म्हणून त्यांनी सोसायटी डोक्यावर घेतली. तो कार्बन मुरवलेला धागा मुद्दाम घातलेला असतो, ठिणगीचा खरखराट रेडिओत शिरू नये म्हणून. काकांनी चारही वायरी तांब्याच्या आणून बसवल्या. गाडी सुरू झाली. विविध भारतीवर मात्र गाण्यापेक्षा इंजिन जास्त ऐकू यायला लागलं. “आता कळतं तरी, चारही मारतायत ते,” हे काकांचं म्हणणं. डॉक्टर हल्ली गाडी गेटबाहेर लावतात.

काकांना विरोधक एकच, समोरच्या विंगमधले निवृत्त मास्तर. ते आडवीपंथी. बंद पडलेली चेतक एका बाजूला आडवी करायची, दहा आकडे मोजायचे, उभी करून किक मारायची. टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल खाली येतं आणि स्कूटर सुरू. अवजार लागत नाही, हात काळे होत नाहीत, आणि बहुतेकदा जमतंही. नेमकं याचंच काकांना वैषम्य. “ते काय निदान आहे? गाडी सुरू झाली म्हणजे दुखणं कळलं का?” गाडी सुरू करणं हा आपला उद्देश आहे, असं काकांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलेलं नाही.

मध्यंतरी त्यांच्या जावयाची नवी कार पार्किंगमध्ये थडथडायला लागली. काकांनी बॉनेट उघडलं, तर वर प्लॅस्टिकचं झाकण. तेही काढलं, तर एकही काळी वायर नाही. “वायर कुठंय?” मेकॅनिकचा पोरगा म्हणाला, “काका, आता प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल असते. वायरचं कामच नाही.” काका बराच वेळ गप्प उभे होते. प्लगपाना त्यांनी हळूच लेंग्याच्या खिशात ठेवला.

पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला: पी-०३०१, पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. त्याने पहिली कॉइल दुसऱ्या जागी लावली, दुसरी पहिल्या, आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. आता कोड पी-०३०२. बिघाड कॉइलच्या मागोमाग दुसऱ्या सिलिंडरात गेला होता.

“म्हणजे?” काकांचा आवाज कापत होता.

“कॉइल गेलीय, काका. करंट देत नाही.”

काकांनी ती कॉइल त्याच्या हातातून काढून घेतली आणि समोरच्या विंगच्या दिशेने उंच धरली. मास्तर नेहमीसारखे गॅलरीत पेपर वाचत बसले होते.

“अहो मास्तर! या खाली, करा आता ही आडवी!”