अपडाउनवाले नाना

जळगाव-धुळे अपडाउन करणाऱ्यांत नाना सगळ्यांत जुने. जळगाव सुटताना खाली गेलेली मान एरंडोल, पारोळा मागे पडून धुळं आलं तरी वर होत नाही. रस्ता चौपदरी झाल्याचं त्यांना एका रीलमधून कळलं.

नाना सरकारी कचेरीत लिपिक. ग्रुप सदतीस, त्यांतल्या सातांचे ॲडमिन. पहाटे साडेपाचला सूर्यफुलासकट सुप्रभात, मे महिन्यात दुपारी पाऱ्याचा स्क्रीनशॉट: "जळगाव ४५, धुळेकर बोला!" टेबलावरची फाइल उघडीच असते, मोबाइल टेकवायला. परवा दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला ते म्हणाले, "बसा भाऊ, एकच मिनिट." भाऊ बसले आणि त्यांनीही मोबाइल काढला. थोड्या वेळानं दोन्हीकडून भरताच्या वांग्यांचा तोच आवाज यायला लागला. रील एकच निघाली. दाखला त्याच दिवशी मिळाला.

पण सगळा दोष नानांच्या माथी मारू नये. साहेब रात्री अकराला ऑफिसच्या ग्रुपवर टाकतात, "सकाळी दहापर्यंत माहिती सादर करावी." नानांनी चलाखीनं निळ्या टिका बंद केल्या. ग्रुपात त्या बंद होत नाहीत, हे त्यांना साहेबांनीच दाखवून दिलं. तेव्हापासून झोप गेली. मग मान धरली, डॉक्टरांनी पट्टा दिला. पट्ट्याचा फोटो स्टेटसला गेला. एकशे बेचाळीस जणांनी पाहिला, 'काय झालं?' असं तिघांनी विचारलं. त्यांतला एक विमा एजंट.

एकदा नाना बसमध्ये करवादले, "पाचाच्या वर फॉरवर्ड होत नाही, काय कटकट आहे!" शेजारी साक्रीकडचे एक मास्तर होते. ते हळूच म्हणाले, "नाना, आमच्या राईनपाड्यासारख्या गावांमुळे आहे ते." १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरली आणि मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा घातली. नाना पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते. त्या दिवशी त्यांना चौपदरी रस्ता दिसला असावा.

जुलै २०२५मध्ये सरकारनं कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम-वापराचं परिपत्रक काढलं: वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, आत्मस्तुती टाळा. ते आमच्यापर्यंत सगळ्यांत आधी नानांनीच पोचवलं. कचेरीच्या वेळेत, सदतीस ग्रुपांवर, पाच-पाच करून. खाली स्वतःचा फोटो, हुद्दा आणि 'सर्वप्रथम आपल्यासाठी!'