कंसातला वाय

टायर वाय रेटिंगचा असून भागत नाही. तो वाय कंसात हवा.

टायरच्या कडेवर आकड्यांची जी रांग असते तिच्या शेपटाला एक इंग्रजी अक्षर असतं. टायर किती वेग सोसेल ते या अक्षरावरून कळतं. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटर, व्ही 240, डब्ल्यू 270 आणि वाय 300. वाय कंसात घातला की 300 च्याही पुढे. आमच्या सोसायटीतल्या साहेबांची अडीच टनांची, सहाशे घोड्यांची एसयूव्ही आली तेव्हा तिच्या टायरवर कंस होता. आता ते टायर झिजले आणि साहेबांना नवे हवेत तेही कंसासकट. गाडी पुण्यात बाणेरहून हिंजवडीला ऑफिसला जाते. रोज. संध्याकाळी जमलं तर परत येते.

दुकानदाराने त्यांना चांगला टायर दाखवला. आकार तोच, वजन पेलायची ताकद तीच, अक्षरही वाय. फक्त उघडा वाय, कंसाबाहेरचा. साहेब वाकले, मोबाइलच्या उजेडात त्यांनी टायरची कड वाचली आणि सरळ उभं राहत विचारलं, "मी 300 च्या वर गेलो तर?"

दुकानदार मुरलेला. "नका जाऊ साहेब," एवढंच म्हणाला.

साहेबांना हे पटलं नाही. "सेफ्टीच्या बाबतीत आपण कॉम्प्रोमाइज करत नाही," असं ते म्हणाले. हे वाक्य ते नेहमीच म्हणतात. याच गाडीच्या सनरूफमधून रविवारी सकाळी त्यांचा सात वर्षांचा मुलगा कमरेपर्यंत बाहेर उभा असतो आणि गाडी मुळशीच्या रस्त्याला मिसळ खायला निघालेली असते.

आता 300 चा हिशेब बघू. बाणेर ते हिंजवडी धरा दहा किलोमीटर. ताशी 300 ने दोन मिनिटं. म्हणजे सीटबेल्ट लावून होईतो ऑफिस आलं. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, म्हणजे दहा जिल्हे ओलांडून नागपूर दोन तास वीस मिनिटांत. पण समृद्धीवर परवानगी 120 ची. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला 100 ची, घाटात त्याहून कमी. या 120 लाही एक अक्षर आहे बरं का. एल. म्हणजे कायद्याची उडी एलपर्यंत आणि साहेबांचा हट्ट वायच्या पुढचा. एलपासून वायपर्यंत जेवढी अक्षरं आहेत ती सगळी साहेबांनी पैसे मोजून विकत घ्यायची, आणि वापरलीच तर दंडाची पावती घ्यायची.

मुळात ही अक्षरं एलच्याही खाली जातात, पण तिकडे कुणी बघत नाही. 50 ला बी आहे, 60 ला सी, 80 ला एफ. आणि बीच्या खाली ए हे अक्षर तर एकटं नसतंच, ए1 ते ए8 अशी आठ भावंडं आहेत. ए8 म्हणजे ताशी 40. ट्रॅक्टरच्या टायरवर तुम्हाला हे दिसेल. ए4 म्हणजे 20. ए2 म्हणजे 10. आणि ए1 म्हणजे ताशी पाच किलोमीटर. हे मी रचून सांगत नाही, जगभर चालणाऱ्या तक्त्यात ही पायरी आहे आणि तो तक्ता करणाऱ्याने हिंजवडीच्या वाटेवरचा भूमकर चौक पाहिलेला असणार अशी माझी खात्री आहे. प्रामाणिकपणे रेटिंग लावायचं तर साहेबांची गाडी सोमवारी ए2, मंगळवारी ए2, पाऊस असेल तर ए1, आणि चौकात एखादा टँकर बंद पडला असेल तर तिला रेटिंगच नाही, ती वास्तू आहे. दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर साहेबांना आरामात मागे टाकतो, आणि त्याच्या टायरवर कंस नसतो.

खरं सांगायचं तर हे वेगाचं अक्षर अगदीच थोतांड नाही. वेग वाढला की टायर तापतो आणि तापला की फुटतो. किती वेगापर्यंत तो ताप सोसेल, याची ती ग्वाही. मूळ टायरच्या फार खाली उतरू नये, हेही बरोबर. पण त्या अक्षराच्या आधी 107 असा एक आकडा असतो, त्याकडे साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. तो वजनाचा. 107 म्हणजे एका टायरवर 975 किलो. अडीच टनांच्या गाडीत पाच माणसं आणि गावाहून आणलेली तांदळाची पोती असतील तर जिवाला जपणारा तो आकडा. आणखी एक चार आकडी संख्या असते, टायर कधी बनला त्याची. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. 2020 च्या जूनमध्ये टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आल्यापासून असल्या चमत्कारिक मापाचे टायर सहजी मिळत नाहीत. गोदामात पडून राहिलेला जुना माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायची सोय त्यामुळे आपोआप झाली. जन्मतारीख विचारायची ती इथे. साहेब कंस विचारतात. कंसाच्या नादी लागून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

बरं, माप तरी कसलं! पुढे 295/35, रिंग 21 इंची. मागे 315/30, रिंग 22 इंची. पुढचं मागे जात नाही, मागचं पुढे येत नाही, त्यामुळे टायर फिरवून सारखे झिजवायची सोय नाही. स्टेपनीही नाही, तिच्या जागी एक पंप आणि चिकाची बाटली. रबर मऊ, म्हणून पकड चांगली आणि झीजही झपाट्याने. चार टायरांची किंमत लाखांत. आणि एवढं झाल्यावर वर "नायट्रोजनच भर हं," अशी सूचना, हिरव्या टोपणांसह. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन देव फुकट देतो, त्याची चौकशी नाही. दुकानदाराने तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला एक टायर मध्येच दाखवला, तो बर्फासाठी असतो. साहेबांनी तोही हातात घेऊन पाहिला. डोंगर छान दिसतो म्हणाले.

आता त्या 315/30 मधल्या तिसाबद्दल. टायरची रुंदी 315 मिलिमीटर आणि कडेची उंची त्याच्या तीस टक्के, म्हणजे साडेचौऱ्याण्णव मिलिमीटर. पुरती दहा सेंटिमीटरही नाही. रिंगेचा लोखंडासारखा टणक काठ आणि पुण्याचा रस्ता यांच्यामध्ये एवढंच रबर. याच शहरात चांगल्या डांबरी रस्त्यावर, नेमक्या चौकात, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेले पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात. ते का बसवतात हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते पावसात निसटतात, उन्हात हलतात, बारा महिने खडखडतात, आणि त्यांतला एक निघाला की तिथे जो खड्डा पडतो तो साधा खड्डा नसतो, चारी बाजूंनी उभ्या भिंती असलेला, मापात कापलेला हौद असतो. ब्लॉकची जाडी साधारण साठ ते ऐंशी मिलिमीटर. साडेचौऱ्याण्णवातून ऐंशी वजा करा आणि काय उरतं ते बघा. साहेबांच्या मागच्या डाव्या टायरला अंड्याएवढा फुगा आला तो असाच. फुगा म्हणजे आतल्या दोऱ्या तुटल्या. त्याला पंक्चर नाही, ठिगळ नाही, टायर भंगारात. त्या दिवशी मात्र साहेब पेटले. फोटो काढले, तक्रार केली, रस्त्यांचं काय चाललंय, कर कशाला भरायचा, सगळं म्हणाले. आणि ते खरंच म्हणाले, मी त्यांच्या बाजूने आहे. पण साहेब, तो ब्लॉक एप्रिलपासून निघालेला होता. रोज संध्याकाळी तिथे एखादी स्कूटर आडवी होत होती. भाजीची पिशवी सांडलेली, ढोपर सोललेलं, मागच्या सीटवरची मुलगी रडते आहे आणि शेजारून तुमची काच वर केलेली गाडी ए2 च्या वेगाने जाते आहे, हे सबंध उन्हाळाभर चाललं होतं. तेव्हा फोटो कुणी काढला? खड्डा रस्त्याला पडतो तेव्हा तो खड्डाच नसतो, या शहरात लो प्रोफाइल टायरला फुगा आला की मगच तो पडतो. मग दोन दिवसांत कुणीतरी येतं, त्यात खडी ओततं आणि फावड्याने थोपटून निघून जातं. ती खडी आठवड्याने रस्ताभर पसरते आणि आता स्कूटर खड्ड्यात पडत नाही, खडीवर घसरते. याला आपल्याकडे दुरुस्ती म्हणतात.

आणखी एक राहिलंच. 300 च्या पुढे जाणारी ही गाडी चालवतं कोण? साहेब नाही. साहेब मागे बसून कंसाचा शोध घेत असतात. गाडी चालवतात ते काका. सकाळी सातला येतात, गाडी पुसतात, टायरची हवा बघतात, आणि दिवसभर ए1 आणि ए2 मध्ये ब्रेकवर पाय ठेवून बसतात. साहेबांना घरी सोडून रात्री स्वतःच्या दुचाकीवरून वारज्याला जातात. हायवेने, ट्रकांच्या मधून. परवा पार्किंगमध्ये त्यांची गाडी पाहिली. मागच्या टायरची मधली नक्षी पार गेलेली, कडेला तेवढी उरलेली, आणि एका ठिकाणी रबर संपून आतले धागे बाहेर डोकावत होते. म्हटलं, काका, हा गोटा झालाय, पावसात जाल कसे? ते म्हणाले, "बदलायचाय. पगार झाला की बघू." ज्या माणसाच्या हातात अख्खं कुटुंब बसवून साहेब रविवारी मिसळ खायला जातात, तो माणूस रात्री कुठल्या टायरवर घरी जातो याचा पत्ता साहेबांना नाही. विचारलं तर टायरवरची सगळी अक्षरं घडाघडा सांगतील.

साहेबांचा कंस शेवटी मिळाला. दुसऱ्या राज्यातून मागवला, चार दिवसांत आला. काकांनीच तो बसवून आणला, बॅलन्सिंगला उभे राहिले आणि हिरवी टोपणं मोजून घेतली.

2025 च्या सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. काकांच्या दुचाकीच्या टायरला 18 टक्के लागतो. साहेबांच्या कंसातल्या वायलाही 18 च टक्के लागला.