ठासून भरलेली शांतता

जगातली सर्वांत शांतताप्रिय बंदूक ठासणीची, असे माझे ठाम मत आहे. बांधाच्या वीतभर मातीपायी पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या शिरूर-दौंडच्या मुलखात निशाणबाजीसाठी दुसरी बंदूक असूच नये. पुरावा तिच्या भरण्यातच आहे. दारू मापाने मोजून नळीत सोडायची, तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, गज आठवणीने बाहेर काढायचा (विसरला तर गोळीबरोबर तोही सुटतो), मग घोडा अर्धा चढवून बार पेटवणारी टोपी बसवायची. एवढे होईतो राग निम्मा उतरतो आणि ज्याच्यावर तो असतो तो माणूस चहा पिऊन घरी पोचतो.

कुणी म्हणेल, 1 जानेवारी 1818 रोजी शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या लढाईत ठासणीच्याच बंदुका दिवसभर चालल्या, त्यांना शांतताप्रिय कसे म्हणता? हरकत रास्त आहे आणि तो दिवस थट्टेचा नाही. पण शिरूरच्या छावणीतून रात्रभर चालून आलेल्या पलटणीकडे गुळगुळीत नळीच्या बंदुका होत्या. त्यांतून एकट्याने नेम धरण्यात फारसा अर्थ नसे, म्हणून ओळीने एकदम बार काढत. नळीला आतून आटे पाडले की गोळी गिरकी घेत सरळ जाते, पण ती घट्ट ठासावी लागते आणि वेळ फार जातो. सेनापतींना घाई असते, म्हणून रायफल बरीच वर्षे मोजक्यांच्याच हाती राहिली. लढाईने मंद ठरवली तीच निशाणबाजाच्या कामाची. तिच्या जागतिक स्पर्धांतही अर्ध्या तासात तेरा बार काढायचे आणि उत्तम दहाच धरायचे. एवढी माफी दहावीच्या परीक्षेतही नाही!

धुराचे काय? या दारूत पाऊण हिस्सा सोरा, बाकी कोळसा नि गंधक. जळल्यावर निम्म्याहून अधिक माल धूर-काजळी होऊन उरतो आणि निशाण दिसेनासे होते. मला हा गुणच वाटतो, कारण धूर विरेपर्यंत प्रत्येकाची गोळी मधोमधच लागलेली असते. काजळी मात्र ओल धरते आणि नळी गंजते, म्हणून ती त्याच दिवशी कढत पाण्याने धुवावी लागते. कोकणात शेतीराखणीच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत, कोरडी हवा मात्र पर्जन्यछायेतल्या दौंडला. दात एकीकडे, चणे दुसरीकडे. शिरूरच्या उसातला बिबट्या? त्याला परवानगीवाचून मारता येत नाही, आणि आले असते तरी गज निघेपर्यंत तो फड ओलांडून गेला असता.

अडचण कायद्याची आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचे 45 वे कलम जुनाट बंदुकीला सूट देते, पण दुरुस्त करूनही जी उडणार नाही तिलाच. भिंतीवर मिरवायची तर मोकळीक, निशाणावर रोखायची तर परवाना. तेव्हा अर्ज करावा, कागद जोडावेत, पोलीस ठाण्याच्या अहवालाची वाट पाहावी. ठासणीच्या बंदुकीला लागणारा धीर तिथेच अंगी बाणतो, तोही दारू न जाळता.