मोडका पाय आणि आदर्श बाप

विमान कंपन्यांच्या फॉर्मवर प्लास्टरवाल्या प्रवाशाचा रकाना असतो, दोन वर्षांखालच्या मुलाचाही असतो. हे दोघे एकाच घरातून निघाले तर काय करायचं, याचा रकाना अजून कोणी छापलेला नाही.

माझा घोटा मोडला होता, नणंदेचं लग्न नागपूरला होतं आणि लेकीला दोन पूर्ण व्हायला थोडा अवकाश होता. म्हणजे तिला आसन नाही, तिने मोठ्यांपैकी कुणाच्या तरी मांडीवर बसायचं. मला डॉक्टरांकडून ‘प्रवासास योग्य’ असं प्रमाणपत्र आणावं लागलं. प्लास्टर ताजं असतं तर तेवढ्यानेही भागलं नसतं. पाय सुजतो, वर दाब कमी झाला की आत अडकलेली हवा फुगते, म्हणून पहिले ४८ तास बहुतेक कंपन्या एक तर घेतच नाहीत, नाहीतर प्लास्टर उभं चिरून आणायला सांगतात. शास्त्र म्हणून मान्य. पण आमच्या तिघांत विमानात बसायला खरोखर अयोग्य अशी जी एक व्यक्ती होती, तिच्याकडे कुणीही प्रमाणपत्र मागितलं नाही.

मग जागेचा प्रश्न. पाय लांब करता येईल अशी ओळ विमानात असते, आपत्कालीन दरवाज्यापाशी. तिथे लहान मूल चालत नाही आणि प्लास्टरही चालत नाही. ती ओळ धडधाकट, सडाफटिंग माणसांसाठी राखीव आहे आणि ते तिथे पाय पोटाशी घेऊन झोपतात.

खरी गंमत मात्र जमिनीवर. व्हीलचेअर आली, मी बसले. लेकीला वाटलं, गाडी तिच्यासाठी आली. ती माझ्या मांडीवरून हटेना, म्हणून नवऱ्याने तिला उचलून कडेवर घेतलं, डायपरची पिशवी खांद्याला अडकवली आणि सगळा विमानतळ हळवा झाला. काउंटरवरची मुलगी ‘सो स्वीट’ म्हणाली. रांगेतल्या काकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. एका आजींनी ‘हल्लीची मुलं किती करतात हो बायकोचं!’ असं खास माझ्याकडे वळून सांगितलं. हीच मुलगी आणि हीच पिशवी घेऊन मी ती जन्मल्यापासून हिंडते आहे. तेव्हा लोकांनी एवढंच विचारलं होतं, ‘टोपी नाही का घातली तिला?’

मलाही प्रश्न आला. ‘पडलात कशा?’ त्याच्या पुढचं ‘एवढं लहान मूल असताना’ हे कुणी उच्चारत नाही, पण ऐकू येतं.

सुरक्षा तपासणीत बायकांचा आडोसा वेगळा, पुरुषांची रांग वेगळी. माझ्या प्लास्टरवर पट्टी फिरवून स्फोटकं शोधत होते तेव्हा पलीकडच्या रांगेत स्फोट झाला होता. लेकीचा मऊ हत्ती एक्स-रेच्या यंत्रात गेला होता आणि तो परत येतो यावर तिचा विश्वास नव्हता.

मग डायपर. बाळाचे कपडे बदलायचा ओटा बऱ्याच ठिकाणी फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असतो. आदर्श बाप दारातच थांबला आणि मोडक्या पायाची आई कुबड्या सावरत आत गेली. विमानातलं स्वच्छतागृह मात्र सर्वांचं एकच आणि भिंतीतला ओटा खाली ओढला की बापालाही वापरता येतो. स्त्री-पुरुष समानता आपल्याकडे आहेच, फक्त ती दहा हजार मीटर उंचीवर आहे.

व्हीलचेअरवाल्यांना विमानात सगळ्यांआधी चढवतात आणि सगळ्यांनंतर उतरवतात. सवलत चांगली आहे. तिच्यामुळे त्या दोनही पूर्ण न झालेल्या जीवाला बंद विमानात जास्तीत जास्त वेळ राहायला मिळतं. कुबड्या काढून वरच्या कप्प्यात ठेवल्या. लेकीला त्या हव्या होत्या. विमान अजून जमिनीवरच होतं.

प्राणवायूचा मुखवटा आधी स्वतःला लावा, मग मुलाला, अशी सूचना झाली. तीन आसनांच्या ओळीवर मुखवटे सहसा चार असतात, चौथा मांडीवरच्या मुलासाठी. ‘आधी स्वतःला’ हे आईला अधिकृतपणे सांगणारी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

उतरताना कान दुखू नयेत म्हणून मुलाला काहीतरी गिळायला द्यावं. लेकीने बाटली भिरकावली आणि भोकाड पसरलं. खिडकीकडच्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. ती बापाच्या मांडीवर होती.

नागपूरला आतेसासूबाई न्यायला आल्या होत्या. प्लास्टरकडे एक नजर टाकून त्या थेट भाच्याकडे वळल्या.

‘किती वाळला रे तू! पोरीले एकट्यानंच उचलून आणलं का एवढं?’ आणि मग मला, ‘धर वं तिले जरा. पाय मोडला हाय, हात तं साबूत हायेत ना?’