समितीवरचा माणूस

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या समितीवर जो असतो, तो फारसा निवडून वगैरे आलेला नसतो; वार्षिक सभेत मान खाली घालायला त्याला उशीर झालेला असतो. ‘यंदा समितीवर कोण येतंय?’ असे विचारताच सभा आपापल्या बुटांकडे पाहू लागते, आणि नेमका तेव्हा चहा घ्यायला उठलेला इसम बिनविरोध ठरतो. कागदावर नाव एकाचे असले तरी निवडून अख्खे घर येते. मानधन शून्य. पगार नाही म्हणून त्याला काढता येत नाही, आणि पगार नाही म्हणूनच त्याला कोणीही कामाला लावू शकतो.

पहिली तडजोड पंचांगाशी. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. बुधवारी ऑफिस असते, त्यामुळे मंडळाचे बाप्पा शनिवार-रविवार बघून येतात. २०२४ साली चतुर्थी आपणहून शनिवारी, ७ सप्टेंबरला आली होती. त्याचे श्रेय समितीला कोणी दिले नाही. संक्रांतीचे त्या मानाने बरे, हळदीकुंकवाला रथसप्तमीपर्यंत सवड रूढीनेच दिली आहे.

सभागृह बहुधा शाळेचे. शाळा विम्याचा दाखला मागते, तोही बऱ्याचदा दहा लाख डॉलरचा. शिवाय उघडी ज्योत चालत नाही, कारण छतावरच्या यंत्राला कापूर आणि आग यांतला फरक कळत नाही. मग निरांजन बॅटरीचे येते. आरती घेताना त्या थंडगार दिव्यावरून हात फिरवून भाविक ते सवयीने डोळ्यांना लावतात.

खरी कसोटी जेवणाची. नोंदणीची मुदत संपली की नोंदणीला सुरुवात होते. ‘आम्ही दोघंच’ म्हणून कळवलेल्या घरातून पाच जण उतरतात, कारण भारतातून आई-बाबा आलेले असतात आणि बाबांना शेजारचे भावे एकटे सापडलेले असतात. मोदक उकडीचेच हवेत, गरम हवेत, आणि माणशी दोनच ठेवले तर ‘पूर्वीच्या समितीच्या वेळी असं नव्हतं’ हे ऐकायची तयारी हवी. मुले मसालेभाताला हात लावत नाहीत, म्हणून पिझ्झा मागवावा. पिझ्झा मागवला की संस्कृतीचा प्रश्न निघतो, आणि तो काढणारे गृहस्थ पिझ्झ्याच्याच रांगेत उभे असतात. समितीवरचा माणूस या वेळी वाढत असतो. त्याच्या वाट्याला तळाचा भात आणि संपलेली कोशिंबीर येते.

भारतातून नाटकाचा संच आला की कलाकारांना घरोघरी उतरवण्याची जुनी चाल आहे. कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, कोणाची बॅग भलत्याच विमानतळावर गेली, हे सगळे त्याला पाठ असते. फक्त नाटक ठाऊक नसते, कारण तीनही अंक तो दाराशी तिकिटे तपासत असतो. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने दर दोन वर्षांनी भरतात. तिथे हीच मंडळी एकाच रंगाचे शर्ट घालून दिसतात. प्रसाधनगृह कुठे आहे, हे सांगण्यात अधिवेशन पार पडते.

दहाला सभागृह रिकामे करून द्यायचे असते. मंडळी साडेनऊपासून दारात उभ्याउभ्या निरोप घेत असतात. खुर्च्या रचायला घेतल्या की मात्र लगेच पांगतात. रांगोळी झाडणे, ध्वनिक्षेपक परत करणे, उरलेली आमटी कोणाच्या तरी गळ्यात घालणे ही कामे मग तिघांत उरकतात. मखर मोटारीत तिरके बसवून घरी नेतात आणि गॅरेजमध्ये ठेवतात. मुदत संपली, नवी समिती आली, तरी मखर तिथेच असते. त्यामुळे पुढच्या ऑगस्टमध्ये पहिला फोन पुन्हा त्यालाच येतो.