चव वेगळी, खाणं वेगळं

"आजची की कालची?"

बेकरीच्या पायरीवर एक पाय ठेवून अण्णा हा प्रश्न टाकतात. उत्तराची त्यांना गरज नसते. शेठ "आजचीच, अण्णा" म्हणेपर्यंत बरणीचं झाकण निघालेलं असतं आणि नानकटाई अण्णांच्या कानाशी गेलेली असते. हो, कानाशी. अण्णांच्या मते नानकटाई आधी ऐकायची असते. मोडताना 'कट्' वाजली तर जास्त भाजलेली, काहीच वाजली नाही तर सादळलेली. कोरड्या वाळूत पाय पडावा तसा आवाज आला की ती पास. मग अर्धी तोंडात, आणि उरलेली अर्धी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. हा माणूस बहुधा मी असतो. मुद्देमालाची अशी वाटणी झाली की तक्रारीला कोणी उरत नाही.

अण्णांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तपासणी काही सुटली नाही. वह्यांच्या जागी बरण्या आल्या, एवढंच. नानकटाईनंतर जिरा बिस्किट, त्यानंतर खारी. खारीसाठी डावा तळहात हनुवटीखाली धरायचा, एक घास घ्यायचा आणि तळहातावर पडलेले पापुद्रे एका झटक्यात तोंडात. टोस्ट मात्र ते चाखत नाहीत. कवळी बसल्यापासून टोस्टला नखाने टिचकी मारतात आणि "ठीक आहे" म्हणतात.

"चव घेणं वेगळं, खाणं वेगळं," हे अण्णांच्या घटनेतलं पहिलं कलम. काकूंनी गोड बंद केलंय ते खायचं. चव घेण्याबद्दल डॉक्टर काही बोललेले नाहीत. एवढी तपासणी झाल्यावर खरेदी होते: सहा पाव आणि शंभर ग्रॅम खारीचा चुरा. चुराच का, असं मी एकदा विचारलं. "अख्खी खारी तरी चहात पडल्यावर काय होते? मग आकाराचे पैसे कशाला भरायचे?"

अण्णांचा अभ्यास आमच्या गल्लीपुरता आहे असं समजू नका. धोबी तलावचं क्यानी १९०४ चं, ग्रँट रोड स्टेशनाजवळचं मेरवान १९१४ चं, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं ठाऊक. २०१४ साली मेरवान बंद होणार अशी बातमी आली तेव्हा मावा केकसाठी लोक रांगा लावत होते. अण्णा दोन वेळा रांगेत उभे राहिले. काही दिवसांनी दुकान पुन्हा उघडलं, तेव्हा "निरोप दोनदा घेतला, स्वागतालाही दोनदा गेलं पाहिजे" म्हणून पुन्हा गेले. तिथे आधी पैसे मोजावे लागतात. मला वाटतं, त्यामुळेच तिथल्या मालाबद्दल त्यांचं मत इतकं चांगलं आहे. विकत घेतलेल्या वस्तूत अण्णा सहसा खोट काढत नाहीत.

या जिभेला आमच्या चाळीत जो मान आहे, त्याला कारण आहे. पूर्वी गिरगाव काय नि लालबाग-परळ काय, दिवाळीची नानकटाई भाजायला बेकरीतच जायची. चाळीतल्या दोन खोल्यांत भट्टी कुठून आणणार? आयांनी तूप आणि पिठीसाखर पांढरी होईपर्यंत तळहाताने फेसायची, मैदा-रवा मळायचा आणि डबा देऊन पोरांना बेकरीत पिटाळायचं. किलोवर भाजायचे पैसे. पत्र्याला नावाची चिठ्ठी लावायची, आणि ती नेमकी भट्टीच्या धगीने जळून जायची. अशाच एका दिवाळीत आठ वर्षांच्या अण्णांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि जाहीर केलं, "यात डालडा आहे." आईने डबा उचलला, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात गेली आणि आपली साजूक तुपाची नानकटाई वर घेऊन आली. दोन घरांतलं बोलणं थेट संक्रांतीच्या तिळगुळाला सुरू झालं.

तर, २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा आदेश आला: हवा बिघडते आहे, मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यावं. शेठच्या पोटात गोळा आला. भट्टी आजोबांच्या वेळची. कडक आचेवर पाव, आच उतरली की बिस्किटं, आणि शेवटच्या उबेवर रात्रभर वाळणारा टोस्ट, अशी तिची दिनचर्या. आता बटणाचा ओव्हन. गिऱ्हाईक म्हणणार, पूर्वीची चव राहिली नाही.

म्हणून एका सकाळी शेठने स्वतःहून हाक मारली. काउंटरवर नानकटाईच्या दोन ताटल्या. "अण्णा, एक भट्टीची, एक ओव्हनची. तुम्ही ओळखा."

न मागता मिळालेली नानकटाई बघून अण्णा आधी दचकलेच. मग त्यांनी खुर्ची मागवली, चूळ भरली, शर्टाचं वरचं बटण लावलं. डावीकडची कानाशी नेली. "हं." उजवीकडची नेली. "हं." पुन्हा डावीकडची. पाववाला सायकल टेकवून बघत राहिला, फुलवाली गजरा अर्धा टाकून उठली. अण्णांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवतो. उद्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन ताटल्या, पुन्हा निकाल राखून. तिसऱ्या दिवशी "पावसाळी हवेत जीभ जड होते". चौथ्या दिवशी चहाबरोबर तपासणं आवश्यक ठरलं, चहा शेठकडून.

पाचव्या दिवशी शेठला राहवलं नाही. "अण्णा, खरं सांगतो. भट्टी सोमवारीच विझवली. पाचही दिवस दोन्ही ताटल्या ओव्हनच्याच होत्या."

पाववाल्याने माझ्याकडे बघितलं, मी पावाकडे. अण्णांनी मात्र तोंडातला घास शांतपणे संपवला.

"मग मी तरी काय म्हणत होतो? फरक सापडत नव्हता, म्हणून तर पाच दिवस खावी लागली!"

'खावी'. बेकरीच्या पायरीवर अण्णांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. वर काकूंच्या खिडकीकडे एकदा बघून त्यांनी हातातली अर्धी घाईघाईने माझ्या हातात कोंबली आणि शेठकडे वळले.

"शंभर ग्रॅम चुरा द्या. आजचा की कालचा?"