कप्तान नाना

निवृत्तीनंतर माणसं गुडघे तपासून घेतात, गीतेच्या वर्गाला जातात. बर्मिंगहॅमच्या नानांनी बोट घेतली. लांबी सत्तावन्न फूट, रुंदी सात फुटांच्या आत. इंग्लंडच्या जुन्या अरुंद कालव्यांत मावेल एवढीच. लांबून पाहिलं तर चाळीतला पॅसेज पाण्यावरून चाललाय असं वाटतं.

नाना मूळचे सांगलीचे. कृष्णाकाठी वाढूनही पोहायला आलं नाही, म्हणून छातीभर पाण्याच्या कालव्यातही लाइफ जॅकेट. गळ्यात दुर्बीण. समोरचा काठ वीस पावलांवर, पण दुर्बीण हवीच. बोटीच्या दोन्ही अंगांना ओरखडे आहेत. विचारलं की नाना म्हणतात, "त्या दिवशी वारा फार होता." असे वाऱ्याचे दिवस बरेच झालेत.

कालव्यावर वेगमर्यादा ताशी चार मैल. काठच्या वाटेने कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई मागून येतात, 'गुड मॉर्निंग' म्हणतात आणि पुढे निघून जातात. तरी नानांचं वेळापत्रक मिनिटांत आखलेलं. बांधून ठेवलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन आणखी मंद करावं लागतं, नाहीतर आतल्यांचा चहा हिंदकळतो आणि खिडकीतून एक संतापलेली मान बाहेर येते. त्या मानेकडे पाहून नाना मानवंदना स्वीकारल्यासारखा हात करतात.

खरी कसोटी वॉरिकजवळ, हॅटनला. ग्रँड युनियन कालव्यावर इथे दोन मैलांच्या आत एकवीस लॉक, म्हणजे बोटीला पायरीपायरीने वर चढवणारे दरवाजांचे हौद, आहेत आणि बोट जवळजवळ दीडशे फूट चढते. बोट आत घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, झडपा उघडून पाणी भरायचं, बोट वर आली की पुढचे दरवाजे ढकलायचे, बाहेर पडायचं. हे एकवीस वेळा. त्यातलं आत घेणं आणि बाहेर काढणं नानांकडे. उरलेलं नानींकडे.

नानी कमरेचं लोखंडी हॅण्डल काढून झडपेला लावतात आणि हात भरून येईतो फिरवतात. मग दरवाजाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकवायची, जमिनीतून वर काढलेल्या विटांच्या ओळींवर टाचा रोवायच्या आणि रेटायचं. खालून आवाज येतो, "अगं, सावकाश! पाणी उसळतंय!" त्याच लॉकमध्ये दोन मिनिटांनी, "अगं, आटप! बारा चाळीस झाले!"

"अहो, पाणी भरल्याशिवाय दार उघडतं का?" नानी वरूनच विचारतात.

ही लॉक 1934 साली रुंद झाली, त्यामुळे दोन बोटी शेजारी शेजारी मावतात आणि नानांना तोलामोलाचा कप्तान भेटतो. खाली दोघे कप्तान बॅटऱ्या आणि डिझेलच्या भावावर बोलत उभे. वर दोघांच्या बायका नुसत्या मानेच्या खुणांवर दोन्ही दरवाजे उघडून मोकळ्या.

वरच्या टोकाला कॅफेपाशी बघे जमतात. तिथे नाना काठावर उतरले आणि कालव्याचा इतिहास सांगू लागले. शेवटचं लॉक रिकामं होतं, मागून बोटी येत होत्या. नानींनी सुकाणू धरलं. दांडा डावीकडे रेटला, नाक उजवीकडे वळलं आणि बोट भिंतीला न शिवता सरळ आत गेली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नानांनी त्यांना लगेच खुलासा केला, "आज वारा पडलाय ना, म्हणून."